नवऱ्याची सही

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या तीन मुलांची लग्नं झाली. दोन पुण्यात, एक सांगलीला. तिन्ही मुलं इथे वाढलेली, इथली नागरिक. तिघी मुली तिकडच्या. लग्नं थाटात झाली, फोटो आपण सगळ्यांनी पाहिले, आणि तीन आठवड्यांची रजा संपल्यावर मुलं एकेकटी परत आली. तेव्हापासून माझा फोन वाजतोय. सासवा विचारतात, “सूनबाई गणपतीला येईल ना गं?” मुलं विचारतात, “ताई, टॅक्स रिटर्न एका वर्षाचं लावायचं की तीन?” मुलींचे फोन येतात ते भारतातल्या रात्री, घरचे झोपल्यावर. त्या कागदांबद्दल कमी आणि बाकीचंच जास्त विचारतात. म्हणून यंदाच्या सदरात हाच विषय.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी वकील नाही. साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत सहा वर्षं मराठी शिकवत होते, २०१६ च्या डिसेंबरात लग्न झालं आणि याच वाटेने २०१८ च्या फेब्रुवारीत इथे आले. तेव्हापासून मंडळातल्या लोकांचे फॉर्म वाचून देणं हा माझा बिनपगारी उद्योग झाला आहे. कोणाची आधी व्हिसा नाकारल्याची, मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची किंवा पोलिसकेसची भानगड असेल तर त्यांनी माझं ऐकू नये, सरळ वकील गाठावा. सरळ केस असेल तर मात्र कागद शांतपणे वाचणारं माणूस पुरतं.

आधी एक घोटाळा मिटवू. आपल्यापैकी बऱ्याच जणी एच-४ वर, नवऱ्याच्या नोकरीचं शेपूट धरून आल्या. तो तात्पुरत्या मुक्कामाचा व्हिसा, त्याचे नियम वेगळे. मी लिहितेय ते अमेरिकन नागरिकाच्या बायकोला (किंवा नवऱ्याला, तेही आता होऊ लागलंय) कायमचं राहायला आणणाऱ्या व्हिसाबद्दल. यात वर्षाला अमुकच व्हिसा अशी मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. वेळ जातो तो कागद सरकण्यात. मुलगा नागरिक नसून ग्रीन कार्डवाला असेल तर मात्र त्याच्या बायकोसाठी वेगळा वर्ग आहे आणि तिथे खरोखरीची रांग आहे.

सुरुवात आय-१३० या अर्जाने होते. तो नवरा इथून भरतो. ‘ही माझी बायको आहे आणि लग्न खरं आहे’ एवढंच त्यात सिद्ध करायचं असतं. आता ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. आमचा अर्ज गेला तेव्हा ५३५ होते, आणि आमच्या लग्नाच्याच महिन्यात ते ४२० चे ५३५ झाले होते. यावरून आमच्या सासऱ्यांनी “मुहूर्त महिनाभर आधीचा धरला असता तर” असं निदान दोनदा म्हणून दाखवलं. हा अर्ज मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे दोन वेगळ्या फिया: व्हिसाच्या अर्जाचे ३२५ आणि उत्पन्नाचे कागद तपासण्याचे १२०. या दोन्ही अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच भरता येतात, त्यामुळे मुलीच्या वडिलांनी “आमच्याकडून घ्या” असा कितीही आग्रह केला तरी सांगलीहून ते जमत नाही. व्हिसा हातात आल्यावर विमानात बसण्याआधी आणखी २३५, ते प्रत्यक्ष ग्रीन कार्ड छापून पाठवण्याचे. ऑनलाइन अर्ज धरला तर सरकारी फियांचीच बेरीज १,३०५ डॉलर होते. वैद्यकीय तपासणी, लसी, मुंबईच्या खेपा, आणि मधल्या काळात मुलाने दोनदा तरी काढलेलं विमानाचं तिकीट यात नाही. भरण्याआधी सरकारी पानावर ताजा आकडा बघा, फिया बदलतात.

फॉर्म मात्र सगळे फुकट आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण एका मुलीच्या वडिलांकडून त्यांच्या गावातल्या एका एजंटाने नुसता फॉर्म ‘मिळवून देण्याचे’ वीस हजार रुपये घेतले होते.

आता सासवांच्या प्रश्नाचं उत्तर. गणपती तर गेलेच, आणि पुढच्या दिवाळीचंही मला छातीठोकपणे सांगवत नाही. आम्हाला लग्नापासून विमानापर्यंत चौदा महिने लागले. अलीकडे पहिल्या अर्जालाच वर्ष-सव्वा वर्ष गेलेलं मी पाहिलंय. आणि रात्री फोन करणाऱ्या मुलींचा प्रश्न बहुधा असतो, “ताई, नोकरी सोडू का?” सोडू नका. पासपोर्टात व्हिसा चिकटून हातात येईपर्यंत राजीनामा नाही, असं मी प्रत्येकीला सांगते. मी तसंच केलं होतं. माझ्या शाळेत दहावीचा सराव पेपर तपासत असताना व्हिसा आल्याचा निरोप आला, तो गठ्ठा तपासून दिला आणि मग मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. लग्न झालंय म्हणून सासरी जाऊन बसा, असंही काही मंडळी सुचवतात. सासर अमेरिकेत असताना पुण्याच्या आतेसासूबाईंकडे वर्षभर ‘सून’ म्हणून राहण्यात कोणाचं भलं होतं ते मला कळलेलं नाही.

मुलीकडच्या कागदांबद्दल थोडक्यात. लग्नाचे फोटो, पत्रिका, भटजी, अल्बम हे सगळं असलं तरी मुख्य कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात त्यासाठीच्या फॉर्मवर नवरा-नवरीबरोबर लग्न लावणाऱ्या गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. मुलगा परत जायच्या आत नोंदणी उरका. वऱ्हाड पांगलं की गुरुजी सापडतात, पण साक्षीदार एका ठिकाणी जमत नाहीत. जन्मदाखला असतो, पण आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसती रेघ किंवा नुसतं ‘मुलगी’ असतं. माझ्यावरही तसंच होतं. नगरपालिकेत शाळा सोडल्याचा दाखला दाखवून नावाची नोंद करून घेतली, त्याला तीन खेपा पडल्या. हे काम पहिला अर्ज मंजूर व्हायची वाट न बघता लगेच सुरू करावं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, फी ५०० रुपये. मुलगी सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिली असेल, दुबईत नोकरी किंवा जर्मनीत एम.एस. असं काही, तर त्या देशाच्या पोलिसांचाही दाखला लागतो, आणि तो मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. फॅमिली डॉक्टर कितीही जुने असोत, त्यांचं सर्टिफिकेट चालत नाही.

नावाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते फक्त आपल्याकडचं आहे. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं जातं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत पहिलं नावसुद्धा. म्हणजे लग्नाच्या दिवशी सकाळी जी मुलगी होती तिच्या नावातला संध्याकाळी एकही शब्द शिल्लक नसतो. अमेरिकेतल्या टेबलामागच्या माणसाला हे समजावणं कठीण. माझा सल्ला असा की व्हिसा होईपर्यंत पासपोर्टवरचं माहेरचं नाव तसंच ठेवा आणि सगळ्या अर्जांत तेच लिहा. कुठे वेगळं नाव वापरलं असेल तर ‘इतर नावं’ या रकान्यात ते न विसरता घाला. ताटातलं नाव ताटात छान दिसतं, तिथेच राहू द्या. इथे आल्यावर हवं तर बदला. मी बदललं नाही.

मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने ‘हे अचूक आहे आणि मला या दोन्ही भाषा येतात’ असं लिहून सही करायची असते. गेल्या तीन-चार वर्षांत मी शाळा सोडल्याचे कितीतरी दाखले असे इंग्रजीत नेले. ‘वर्तणूक : चांगली, प्रगती : समाधानकारक’ हे इंग्रजीत लिहिताना एम.ए.ला घेतलेल्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटतं.

आता मुख्य विषय, मिळकत. बायकोला आणायचं तर नवऱ्याला दाखवावं लागतं की हिला सरकारी मदतीवर जगायची वेळ येणार नाही. त्यासाठीचा फॉर्म म्हणजे आय-८६४, अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. अमेरिकेचं आरोग्य खातं दरवर्षी गरिबीच्या रेषेचा तक्ता काढतं. नवऱ्याचं उत्पन्न त्याच्या सव्वापट, म्हणजे १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यानुसार दोघांच्या घराला ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर आहे (अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे). पूर्णवेळ नोकरीत तासाला साधारण पावणेतेरा डॉलर पडले की तेवढे होतात. आपल्या मुलांच्या पगारापुढे हे किरकोळ वाटतं आणि म्हणून कोणी नीट वाचत नाही. लंडनला असलेली माझी मावसबहीण तर हा आकडा ऐकून हसली. ब्रिटनमध्ये जोडीदाराला आणायला पूर्वी १८,६०० पौंडांचं उत्पन्न पुरायचं, एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांना २९,००० लागतात, आणि तिथे मामा-काकांनी सही करून सहसा भागत नाही.

पण अडतं ते इथेही अडतंच. पहिली मेख घरातल्या माणसांच्या मोजणीत आहे. ‘आम्ही दोघंच’ असं आपण म्हणतो, फॉर्म तसं मोजत नाही. नवरा, बायको, मुलं, टॅक्स रिटर्नवर दाखवलेली अवलंबून माणसं, आणि ज्यांच्यासाठी पूर्वी हाच फॉर्म भरला होता व ज्यांची जबाबदारी अजून संपलेली नाही, ती सगळी. आपल्यातल्या एका मुलाने काही वर्षांपूर्वी आईवडिलांना ग्रीन कार्डवर आणलं. आईवडील आता टेक्सासला थोरल्या भावाकडे राहतात. तरीही ते मोजायचे, कारण सही याची आहे. म्हणजे घर दोघांचं नाही, चौघांचं. आणि चौघांची रक्कम ४०,१८७ डॉलर. तो तेव्हा नोकरी सोडून पुन्हा शिकायला गेला होता. त्याचा हिशेब तिथेच चुकला असता.

दुसरी अडचण धंदेवाल्यांची. फॉर्ममध्ये धरतात तो आकडा धंद्याचा खर्च वजा जाऊन उरलेला. डबे पुरवणारे आपले एक गृहस्थ आहेत, धंदा उत्तम, शनिवार-रविवारी फोन उचलायला सवड नाही. दरवर्षी अकाउंटंटकडून त्यांनी इतका खर्च दाखवून घेतला की कागदावर उरले अठरा हजार. टॅक्स वाचला, त्याचा त्यांना अभिमानही होता. मुलगा त्यांच्याच धंद्यात, त्याचंही तसंच. लग्न ठरल्यावर बाप-लेक दोघंही कागदावर गरीब निघाले. सरकारला एका खिडकीवर ‘काही उरत नाही’ आणि दुसऱ्या खिडकीवर ‘भरपूर आहे’ असं सांगता येत नाही, हे मी त्यांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. त्यांनी पुढच्या वर्षीचं रिटर्न वेगळ्या पद्धतीने भरलं, टॅक्स भरला, आणि मग फाइल पुढे गेली.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर: रिटर्न शेवटच्या एका वर्षाचं पुरतं, तीन लावता येतात पण सक्ती नाही. बाहेरून अकाउंटंटने दिलेल्या प्रतीपेक्षा आयआरएसकडून ट्रान्सक्रिप्ट काढलेली बरी, ती फुकट असते. जोडीला डब्ल्यू-२, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र. नोकरी नुकतीच बदलली असेल तर पत्र जास्त महत्त्वाचं. आणि जो मुलगा वर्षभर पुण्यातूनच वर्क फ्रॉम होम करतोय, त्याला पैसे असूनही वेगळा प्रश्न येईल: तू राहतोस कुठे? सही करणाऱ्याचं बिऱ्हाड अमेरिकेत हवं, किंवा बायकोच्या आधी वा बरोबर तो परत येणार आहे याचा पुरावा हवा.

मुलीचा भारतातला पगार यात धरत नाहीत, इथे आल्यावरही त्याच ठिकाणाहून तो चालू राहणार असेल तरच धरतात. माझा सहा वर्षांचा शिक्षिकेचा पगार त्या फॉर्मवर शून्य होता. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पगार कमी पडला तर मालमत्ता दाखवता येते, आणि ती मुलीच्या नावावरचीसुद्धा चालते. नागरिकाच्या बायकोसाठी तुटीच्या तिप्पट हवी. सहा हजारांची तूट असेल तर अठरा हजारांची. वर्षाच्या आत मोडून पैसे करता येतील अशी हवी, मग ती मुलीची बँकेतली ठेव असो की तिच्या नावावरचा फ्लॅट. एका मुलीच्या ठेवीवर एक फाइल पार पडलेली मी पाहिली आहे. त्या घरात नंतर तिच्याशी बोलण्याचा सूर जरा बदलला, असं तिनेच सांगितलं.

उत्पन्नही नाही आणि मालमत्ताही नाही, तर तिसरा माणूस आणायचा. जॉइंट स्पॉन्सर. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा, अठरा पूर्ण हवा, अमेरिकेत राहणारा हवा, आणि त्याने स्वतःच्या घरातली माणसं अधिक ही मुलगी धरून १२५ टक्के दाखवायला हवेत. आपल्याकडे हा माणूस म्हणजे मामा नाहीतर काका. आणि त्याला म्हटलं जातं ते ठरलेलं वाक्य: “सही करा हो, नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

मागच्या वर्षी अशाच एका मामांनी मला फोन केला. निवृत्त झालेले, पेन्शनवर, दोघंच. “भाचा म्हणतो फॉर्मॅलिटी आहे. तू जरा वाचून सांग.” मी त्यांच्याकडे गेले आणि आम्ही चहा घेत तो फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, वर्गात धडा वाचतात तसा.

“भाच्याला पुढे चांगली नोकरी लागली तर माझी सुटका?”

“नाही. तुम्ही दोघंही बांधलेले.”

“त्यांचं पटलं नाही, घटस्फोट झाला तर?”

“तरी नाही.”

“मग सुटका कधी?”

मुलगी अमेरिकन नागरिक झाली तर. तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, जमा झाल्या तर. (लग्न टिकून असेल तर नवऱ्याच्या तिमाह्याही तिच्या खात्यात धरता येतात.) ती ग्रीन कार्ड सोडून कायमची परत गेली तर. नाहीतर दोघांपैकी एकाचा मृत्यू.

“म्हणजे माझ्या बाबतीत शेवटचाच मार्ग लवकरचा दिसतोय,” मामा म्हणाले, आणि मामींनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली.

मी पुढे वाचलं. मुलीने उत्पन्न बघून मिळणारी सरकारी मदत घेतली तर ते खातं सही करणाऱ्याकडून पैसे वसूल करू शकतं. मुलगी स्वतःही कोर्टात जाऊन तेवढ्या आधाराची रक्कम मागू शकते. पत्ता बदलला तर तीस दिवसांच्या आत आय-८६५ हा फॉर्म भरून कळवायचं, नाही कळवलं तर दंड. व्हिसा छापला जाईपर्यंत सही मागे घेता येते. ती उतरून ग्रीन कार्डधारक झाली की नाही.

मामा दोन दिवस गप्प होते. घरात थोडी नाराजीही झाली. बहिणीला वाटलं, आपल्या भावाने एवढं खोलात शिरावं म्हणजे आपल्या मुलावर विश्वास नाही. मला ते पटत नाही. जो वाचून सही करतो तो जास्त जबाबदार माणूस. तिसऱ्या दिवशी मामांनी भाच्याला न सांगता त्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. लग्नात ते गेले नव्हते, ही पहिलीच भेट. काय शिकलीस, आई कशी आहे, इथे थंडीत काय करशील, असं तासभर बोलले आणि मग म्हणाले, “मुली, मी तुझ्यासाठी एका कागदावर सही करतोय. त्याची प्रत तुला पाठवतो. ती नीट ठेव. कोणाला द्यायची नाही, मलासुद्धा नाही.”

हे मी इतकं लांबवून लिहिलं कारण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आपल्या मंडळाबाहेरची, दुसऱ्या राज्यातली एक मुलगी; कोणाकडून तरी माझा नंबर मिळाला म्हणून तिने फोन केला. अकरा महिन्यांत लग्न विस्कटलं होतं. नोकरी नाही, गाडी चालवता येत नाही, चुलतभावाच्या घरी तळघरात राहत होती. नवरा म्हणाला होता, “मी आणलंय, मीच परत पाठवीन, तुझं कार्ड रद्द करतो.” तिला ते खरंच वाटत होतं. तिने कधी वाचलंच नव्हतं की तिला आणताना त्या माणसाने सरकारशी लेखी करार केला आहे, आणि तो करार तिच्या बाजूने आहे. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. नवऱ्याच्या तोंडी बोलण्याने कार्ड रद्द होत नाही, आणि आजच्या आज कौटुंबिक आणि इमिग्रेशन दोन्ही कायदे जाणणाऱ्या वकिलाकडे जा. पैसे नसतील तर तिच्या राज्यातली मोफत कायदा मदत शोध. वकिलाने पहिलं मागितलं ते आय-८६४ ची प्रत. ती तिच्याकडे नव्हती. मिळते, सरकारकडे माहितीचा अर्ज करून स्वतःची फाइल मागवता येते, पण त्यात महिने जातात, आणि ते महिने तिने तळघरात काढले. आज ती नोकरी करते. यापेक्षा जास्त लिहिणं योग्य नाही.

माझ्या वेळी हा फॉर्म मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला राग आला होता. सहा वर्षं कमावती असलेली बाई, घरात भावाच्या फीला हातभार लावलेली, आणि या कागदावर मी म्हणजे नवऱ्याने पोसायचं माणूस. मी तसं नवऱ्याला फोनवर बोललेही. तो म्हणाला, “मग तूच वाच आणि मला सांग मी कशावर सही करतोय ते.” वाचल्यावर राग थोडा दुसरीकडे वळला. इथे येऊन नोकरी करायची नाही हा पुढे आमचा मुलांमुळे घेतलेला निर्णय होता, आणि तो घेताना त्या कागदाचा मला आधार वाटला, हे सांगायला मला संकोच नाही. २०२२ साली मी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या दिवशी नवऱ्याची ती सही संपली. घरी आल्यावर तो म्हणाला, “सुटलो.” रात्रीचं जेवण त्याने केलं.

एक शेवटचा टप्पा राहिला. अमेरिकेत उतरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, फी ७५० डॉलर. एकत्र राहतोय याचे पुरावे जोडायचे: घराचा करार, बँकेचं जोडखातं, विमा, जोडीने भरलेलं टॅक्स रिटर्न. म्हणून नवी सून आल्यावर पहिल्या महिन्यातच तिचं नाव बँकेच्या खात्यावर आणि घराच्या करारावर घाला. “घाई काय आहे, घरचीच तर आहे” म्हणणाऱ्या सासूबाईंना हा परिच्छेद दाखवा. लग्न मोडलं असेल किंवा घरात मारहाण होत असेल तर मुलगी हा अर्ज नवऱ्याच्या सहीशिवाय, सूट मागून एकटीही भरू शकते. आणि व्हिसा हातात आला तेव्हा लग्नाची दोन वर्षं पुरी व्हायला दोन-तीन आठवडेच उरले असतील आणि व्हिसाची मुदत असेल, तर तिकीट वाढदिवसानंतरचं काढा. दहा वर्षांचं कार्ड मिळतं, ७५० डॉलर आणि एक अर्ज वाचतो. दोन वर्षं थांबलेल्यांना आणखी तीन आठवडे थांबा म्हणणं सोपं नाही, हे मला माहीत आहे.

पुण्याच्या दोघींनी जन्मदाखल्यांची कामं उरकली आहेत. सांगलीच्या मुलीच्या दाखल्यावर अजून रेघच आहे, तिने सोमवारी नगरपालिकेत जायचं कबूल केलंय. पुढच्या अंकात ओसीआय कार्डाबद्दल लिहिणार आहे. मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या कार्डांबद्दल प्रश्न असतील तर संक्रांतीच्या कार्यक्रमात भेटा, तिळगुळाच्या टेबलाशी मीच असेन. कागद बरोबर आणा, पण मूळ प्रती घरी ठेवून.